बाबांच्या पाठीवरचा सिकाडा

बाबा नागपूरहून माझ्याकडे आले ते एप्रिलच्या शेवटी, सहा महिन्यांच्या बेताने. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिली खेप. वय बहात्तर. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात मशीनवर उभे राहिले होते, त्यात दोन्ही कान गेले. कानात यंत्रं असली की समोरासमोरचं बोलणं ऐकू येई. काढली की काहीच नाही. इथे अमेरिकेत, अल्फारेटात, मी एकटीच राहते. दिवसभर माझ्या मीटिंगा चालायच्या आणि ते खिडकीशी बसून समोरच्या घराचं लॉन कापलं जाताना बघायचे. रविवारी कुणाकडे तरी बुद्धवंदनेला आपली माणसं जमत, तेवढाच बदल.

मला नदीतले ट्राउट मासे पकडायचा नाद तीन वर्षांपूर्वी लागला, ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळे. हुकावर दोरा, पिसं, फोम गुंडाळून खोटा किडा करायचा, त्याला फ्लाय म्हणतात. तो लांबून अलगद पाण्यावर टाकायचा. मासा फसला तर ओल्या हातांनी धरून हुक काढायचा आणि सोडून द्यायचा.

हे सगळं ऐकून घेतल्यावर बाबा म्हणाले, "सोडूनच द्यायचा, तर मंग धरायचा कायले?"

"मजा येते, बाबा."

"माश्याले येते का?"

मी पुन्हा हुकावर दोरा गुंडाळू लागले.

मे महिन्यात उत्तरेकडच्या डोंगरांत सिकाडा निघाले. हे किडे सतरा वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत राहतात आणि मग एकदमच लाखोंनी वर येतात. काळं अंग, लाल डोळे, नारिंगी शिरांचे पंख. त्यांना धड उडता येत नाही. झाडावरून नदीत पडतात आणि एरवी अंगठ्याच्या नखाएवढ्या माशीला नाक मुरडणारे मोठे ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतात. मैत्रीण म्हणाली, असं पुन्हा बघायला तू साठीची होशील. मी काळ्या फोमचे सहा सिकाडा बांधले आणि एका शुक्रवारी सुट्टी टाकली.

बाबांना घरी एकटं ठेवणं जिवावर आलं. म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं.

दीड तासाचा ड्राइव्ह. नदीच्या वरच्या अंगाला धरण आहे, त्याच्या तळातून सुटणारं पाणी बारा महिने बर्फासारखं गार असतं, म्हणून तिथे ट्राउट जगतात. पाणी कधी सोडणार ते फोनवर आधी कळतं. त्या दिवशी संध्याकाळचे पाच लिहिले होते. वेळ न सांगता बदलू शकते, अशी खाली बारीक अक्षरांत सूचना असते. ती मी इतक्या वेळा वाचली होती की वाचणंच सोडून दिलं होतं.

गाडीतून उतरलो आणि आवाज अंगावर आला. सगळा डोंगर एकाच सुरात ओरडत होता. बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हे काय होय? रातकिडे दिवसा ओरडून राह्यले?"

"सिकाडा, बाबा. हेच ते."

"कारखाना परवडला," ते म्हणाले आणि कानातली यंत्रं काढून डबीत घालून खिशात ठेवली.

नदीच्या मध्यावर गोट्यांचं एक लहानसं बेट होतं, त्यावर दोन-तीन झाडं. तिथपर्यंत पाणी जेमतेम घोट्याएवढं. मी बाबांचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं, झाडाच्या सावलीत घडीची खुर्ची मांडून दिली. दुपारपर्यंत मी बेटावरूनच गळ टाकत होते. तीन मासे लागले. तिसरा हातभर लांब होता. बाबांनी तो जवळून पाहिला, त्याच्या अंगावरच्या लाल ठिपक्यांवरून एक बोट फिरवलं आणि मानेनेच खूण केली, सोड आता. त्यांच्या टोपीवर, खांद्यांवर, मांडीवर सिकाडा येऊन बसत होते. सुरुवातीला ते दचकले, मग सवय झाली. न बघताच हाताने झटकून टाकायचे. महिनाभरात मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

एकच्या सुमारास त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली. डबा आणि गोळ्या गाडीत राहिल्या होत्या. मी खुणेने सांगितलं, येते. काठावर येऊन गळाचा रॉड एका झाडाला टेकवला आणि वर गेले. दहा मिनिटं लागली असतील, फार तर पंधरा.

खाली उतरले तेव्हा मी टेकवलेल्या रॉडची मूठ पाण्यात होती.

आधी काही कळलंच नाही. मग बेटाकडे पाहिलं. बेट निम्मं झालं होतं. बाबा माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसले होते, पलीकडच्या काठाला मासे उसळत होते त्यात रमलेले. पाणी त्यांच्या खुर्चीपासून दोन पावलांवर होतं.

"बाबा!"

मी ओरडले. पुन्हा ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. यंत्रं कानात असती तरी त्यांना आला नसता. पाण्यात उतरले. दहा पावलांत गुडघा, आणखी चार पावलांत मांडी, आणि पायाखालचे गोटे घरंगळू लागले. मला पोहता येत नाही. मागे फिरले. दगड मारून पाहिले. ते पाण्यात पडले की मासाच उसळल्यासारखं वाटत होतं.

मग मी रॉड उचलला. टोकाला फोमचा सिकाडा तसाच बांधलेला होता.

एवढ्या लांब मी कधी फ्लाय टाकलेली नव्हती. पहिल्यांदा ती पाण्यात पडली. दुसऱ्यांदा वाऱ्याने वळली. तिसऱ्यांदा नेमकी बाबांच्या पाठीवर जाऊन बसली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. बाबांनी हात मागे नेला आणि न बघता ती झटकून टाकली.

मला रडू फुटलं. हसूही आलं असेल, आता सांगता येत नाही. पुन्हा टाकली. त्यांनी पुन्हा झटकली. त्यानंतरची त्यांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये अडकली. मी जोरात ओढलं. बाबा वळले. तोंडावर चिडका भाव होता, कोण त्रास देतंय असा. मग त्यांनी खाली पाहिलं. पाणी बुटांवरून वाहत होतं.

ते उठले. खुर्ची लगेच वाहून गेली. त्यांनी झाडाला मिठी मारली आणि एक हात माझ्याकडे करून हलवू लागले. तळवा खाली, बोटं वरखाली. आपल्याकडे हाताने जवळ बोलावतात, तसं. ये, ये.

मी पुन्हा उतरले. ह्या वेळी पाणी कमरेला लागलं आणि एक पाय उचललाच गेला. एका फांदीला धरून कशीबशी मागे आले. पाहिलं तर बाबांचा हात आणखी जोरात चालला होता. ये, ये, ये. मला जाता येत नव्हतं. आपत्कालीन सेवेला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, टीम निघाली आहे, चाळीस मिनिटं लागतील, तुम्ही पाण्यात उतरू नका. मी "यस मॅम" म्हणाले. त्यापलीकडे काय म्हणणार? काठावर उभी राहून बघत बसले. पाणी त्यांच्या गुडघ्यांवर आलं, मग मांडीवर. झाड हलत होतं. वरून सिकाडा टपटप पडत होते आणि त्यांच्या अवतीभवती मासे ते खात होते. त्या नदीत आधी कधी न दिसलेले, एवढाले मासे.

किती वेळ गेला माहीत नाही. नदीच्या वरच्या अंगाने एक होडी आली. वल्ह्यावर पांढऱ्या दाढीचा, मासे धरणाऱ्यांना फिरवणारा गाइड, पुढे त्याचं गिऱ्हाईक रॉड घेऊन बसलेलं. मी वेड्यासारखे हात हलवले. गाइडने एकदा माझ्याकडे, एकदा झाडाकडे पाहिलं आणि होडी तिरपी घातली. बाबांच्या काखांत हात घालून त्याने त्यांना पोत्यासारखं आत ओढलं. काठावर आणलं तेव्हा ते थडथड कापत होते, ओठ निळे. गाइडने आपलं जॅकेट त्यांना घातलं. तो मला रागावला असता तर बरं झालं असतं. गिऱ्हाईकाला त्या दिवशी आयुष्यातला सगळ्यात मोठा ट्राउट मिळाला होता. त्याने फोन काढून बाबांना त्या माशाचा फोटो दाखवला. बाबांनी कापत कापत मान हलवली.

खिशातली डबी वाहून गेली होती. परतीच्या वाटेवर मी दीड तास माफी मागत होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना एक अक्षरही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर चहा घेताना एका काकूंनी त्यांच्यासमोर बसून, ओठ वाचता येतील असं सावकाश, हातांनी खुणा करत विचारलं, "दादा, तिथं लय भ्या वाटलं असंल ना?"

"वाटलं ना," बाबा म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलत होते. "पोरीले पोहता येत नाही. मी हात करून राह्यलो, माघारी हो, माघारी हो, अन् ही पाण्यातच येऊन राह्यली. मले वाटलं, आता माह्या डोळ्यांसमोर जाते हे."

मी कप खाली ठेवून स्वयंपाकघरात गेले.

बाबा जुलैतच परत गेले. नागपुरात नवी यंत्रं बसवली. फोनवर त्या दिवसाचा विषय त्यांनी एकदाच काढला. "जातेस का अजून मासे धरायले?" मी नाही म्हटलं. "जा ना. पण पोहणं शिक आधी."

सप्टेंबरपासून मंगळवारी आणि गुरुवारी मी इथल्या पोहण्याच्या तलावावर जाते. मोठ्यांच्या वर्गात आम्ही चौघं आहोत. शिकवणारी मुलगी विशीतली आहे, फार गोड बोलते. म्हणते, "लेट गो, आय हॅव यू." तिचे हात माझ्या पाठीखाली असतात, पाणी छातीएवढंच असतं, हे मला समजतं. बाकीची तिघं आता तरंगतात. मी अजून कडेची दांडी सोडू शकलेले नाही.