पायाळूची कंबर

ज्यांचं जन्मात कधी काही दुखलं नाही, त्यांनीच दुखणाऱ्याला शहाणपण शिकवायचा मक्ता घेतला आहे. "मन खंबीर कर," म्हणतात. मन खंबीरच आहे हो, कंबर ऐकत नाही त्याला काय करू?

सांगलीहून बी. ए. होऊन इस्लामपूरला परत आलो, तेव्हापासून माझी कंबर आणि डावा पाय दुखतो. कारण कुणाला सापडलेलं नाही. पण निदान होत नसलं की भेटणारा प्रत्येक जण एकेक किस्सा देऊन जातो. माझ्याकडे आता त्यांची थप्पी लागली आहे.

*

आमचे आबा पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. ते मला मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "हाडं उत्तम आहेत."

"हाडं उत्तम, मग दुखतंय काय? हवा?" आबा म्हणाले.

"ते मलाही कळत नाही. पण हालचाल थांबवू नका. थांबलात तर अंथरूण धराल."

'मला कळत नाही' म्हणणारा हा पहिलाच माणूस भेटला, म्हणून मी त्याचं ऐकलं. मला म्हसवडकडच्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून शाळा काढायच्या आहेत. अंथरुणात पडून त्या निघणार नव्हत्या.

*

मग पेठेतली तालीम धरली. तिथले दादू वस्ताद व्यायामाला व्यायाम म्हणू देत नाहीत. "व्यायाम शेरातल्या लोकांचा. हितं म्हेनत."

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठं दुखतंय?" मी सविस्तर सांगायला लागलो. कधी सुरू होतं, कुठून कुठे जातं, रात्री कसं असतं. वस्तादांनी तेवढ्यात माती उकरून घेतली.

"झालं? आता त्येलाबी संगं घे. दोघं मिळून जोर मारा."

कॉलेजात इच्छाशक्तीवर मी बरंच वाचलं होतं. इतकं उपयोगी एकही वाक्य त्यात नव्हतं.

*

तालमीत बाबालाल माझा जोडीदार. फौजेतून रजेवर आलेला, तांबटाचा मुलगा. मला 'प्रोफेसर' म्हणतो.

"आमच्या पलटणीत ये गड्या," तो म्हणाला. "डोकं दुखू दे, न्हाईतर गुडघा. डॉक्टर एकच गोळी देतो, जुलाबाची. दुसऱ्या दिवशी समदे परेडला हजर."

"बरे होऊन?"

"न्हाई रं. परत गोळी नगं म्हणून."

*

तरीही एका आठवड्यात मी हरलो. पांघरूण बाजूला सारायचीसुद्धा इच्छा होईना. रोज मेहनत करायची आणि रोज तितकंच दुखायचं, तर कशासाठी करायची? 

बाबालाल घरी आला. "ही उसण हाय. पायाळूची लाथ बसली की जाती. पेठेतल्या तेल्याला बोलावतो, त्यो पायाळू हाय."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. असल्या समजुतींवर मी झोपल्या झोपल्या व्याख्यान सुरू केलं. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "तेली कशाला? ह्योच की पायाळू. आदी पाय आलं, मग बाकीचा."

बाबालाल माझ्या पायांकडे बघायला लागला.

"म्हंजी प्रोफेसर, गावची उसण तू काढायचीस. तुजी कुणी काढायची?"

*

बातमी बाबालालच्या पोटात राहणार नव्हतीच. दुसऱ्या दिवशी उजाडताना भाजीवाली पारूबाई दारात उभी. एक हात कंबरेवर.

मी तिला समजावलं, की लाथेनं दुखणं जातं याला कसलाही आधार नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ती पाठ फिरवून उभी राहिली.

"झालं का? मारा आता."

आईच्या वयाच्या बाईला पाय कसा लावायचा? शिवाय पाय उचलत कुठे होता? चौकट धरून कसाबसा टेकवला, आणि लगेच वाकून तिच्या पाया पडलो. लाथेपेक्षा ते वाकणंच जास्त जड गेलं.

पारूबाई टोपली उचलून ताठ चालत गेली. का, ते मला विचारू नका.

त्या दिवसापासून मी पुन्हा तालमीत जायला लागलो, आणि माणसं लाथेसाठी तिच्या दारात यायला लागली. वस्ताद म्हणाले, "पाय उचलायचा तर बैठका माराव्या लागतील." मारतो आहे.

*

परवा मात्र पुन्हा उठवेना. पुन्हा कंबर धरलेली पारूबाई तालमीच्या दारात वाट पाहून घरी आली. मी आतून ऐकत होतो.

आई तिला म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या, बाई. आज त्याचंच लय दुखतंय. पेठेतल्या तेल्याकडं जावा की."

"नगं वैनी," पारूबाई तिथंच उंबऱ्यावर बसत म्हणाली. "तेली धडधाकट हाय. त्यो लय जोरात मारतो."