साचेखात्याची दुसरी प्रत

दोन डिस्क होत्या. एक भरलेली, एक कोरी. मी कोरीवरून भरलेलीवर कॉपी केली.

हे एखाद्या अडाण्याने केलं असतं तर मीच त्याला चार शब्द सुनावले असते. मी तुकोगंजातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा पगार घेत होतो. 'स्क्रीनने काही विचारलं तर वाचल्याशिवाय हो म्हणू नका' अशी चिठ्ठी तिथल्या प्रत्येक मॉनिटरवर मीच चिकटवली होती.

भरलेल्या डिस्कवर बाबांची गिरणी होती. अख्खी नाही, फक्त साचेखातं. साचा म्हणजे माग, तिथे कापड विणलं जाई. बाबा त्या खात्यात हजेरीचे कारकून होते. भोंगा थांबून कितीतरी वर्षं झाली होती. साचे आता भंगारात जाणार असं कळलं, तेव्हा जुन्या चौकीदाराने एका रविवारी आम्हा दोघांना आत सोडलं. नव्या डिजिटल कॅमेऱ्याने मी सगळं टिपलं. साच्यांच्या रांगा, बाबांचं उंच स्टूल, खिळ्याला अजून लटकत असलेला कोणाचा तरी गमछा. बाबा पुढे चालत होते आणि हा अमक्याचा, हा तमक्याचा असं सांगत होते. मी फ्लॅशच्या भानगडीत होतो.

फोटो एका माणसासाठी होते. बाबांच्या खात्याचे जॉबर, मी त्यांना काका म्हणायचो. साचा अडला की सगळे ज्यांच्या नावाने ओरडत, ते. गिरणी गेल्यावर ते आपल्या गावी, गौतमपुऱ्याला परतले. चार बिघे जमिनीत मन लागलं नाही, मग लकवा झाला, मग खाट. बोलणं तेवढं शाबूत. जन्माने माळव्यातले, पण साचेखात्यातल्या मराठी मंडळींत आयुष्य काढल्यामुळे मराठी आमच्यापेक्षा सरळ. फोनवर बाबांना एकच विचारायचे, "बाबू, माझे साचे उभे आहेत का रे? एकदा दाखव." आता फार दिवस नाहीत, असं त्यांच्या सुनेने हळूच सांगितलं होतं.

"फोटो धुवून आण," बाबा म्हणाले. "पाकिटात घालू, देऊन येऊ. काय घोळ घालून राहिलायस?"

"बाबा, आता फोटो धूत नाहीत. स्टोअर करतात."

तीन आठवडे मी घरात ठेवायचा डबा निवडत होतो. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना तारेने जोडला जाणारा, आपोआप जपून ठेवणारा. तक्ता केला. आवाज किती, तापतो किती, दिवा निळा की हिरवा. काका तिकडे दिवस मोजत होते आणि मी निळा दिवा हिरव्यापेक्षा डोळ्यांना बरा की कसं, यावर येऊन अडलो होतो. शेवटी ज्या बाजारात एके काळी बाबांच्या गिरणीचं लठ्ठ्याचं कापड विकलं जायचं, तिथल्याच एका दुकानात गेलो. आता तिथे सगळे परदेशी खोके.

"भिया, घरासाठी हा बरोबर आहे," दुकानदार म्हणाला. "आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच. एक बसली तरी दुसरी चालू. पण सफरीला ही छोटी वेगळी घ्या, खिशात मावते."

"कशाला? ह्यातलीच एक काढून नेईन की."

"ऐसा मत करना, भिया. ती डब्याची भाषा बोलते. तुमच्या लॅपटॉपला समजणार नाही."

"मी ह्याच लाइनमधला आहे."

त्याने हात जोडले आणि बिल फाडलं.

फोटो डब्यात चढवल्यावर मी कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं, कॉम्प्युटरवरचेही काढून टाकले. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती. तिसरी कशाला, अडाण्यासारखी? मग एक डिस्क उपटली, रुमालात गुंडाळली आणि बाबांबरोबर गौतमपुऱ्याच्या बसमध्ये बसलो.

काकांना उशा लावून बसवलं होतं. सुनेने त्यांना चष्मा घातला. मी डिस्क जोडली. लॅपटॉप म्हणाला, ही डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, करू का? सगळं घर माझ्याकडे बघत होतं. काकांनी मान पुढे काढली होती. मी हो म्हणालो.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"थोडी गडबड आहे. घरी दुसरी आहे, काही चिंता नाही."

काका म्हणाले, "आण बेटा. मी कुठे जाऊन राहिलोय?"

घरी आल्या आल्या, शर्टही न बदलता, मी कोरी झालेली डिस्क तिच्या खाचेत परत बसवली. डब्याने विचारलं, कुठली डिस्क खरी धरू? तिच्या खाचेवर एकचा आकडा होता. मी म्हटलं, एक नंबर. निळा दिवा लुकलुकायला लागला. फार सुंदर दिवा होता. मी चहा घेत बघत बसलो, आणि तो इमानेइतबारे काहीच नसलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवत होता.

फोटो परत निघतात का बघायला दुकानदाराने दोन्ही डिस्क आठवडाभर ठेवून घेतल्या. निघाल्या त्या राखाडी पट्ट्या. मी कॅमेरा घेऊन गिरणीकडे धावलो. साचे गेले होते, छप्पर गेलं होतं, चिमणी तेवढी उभी होती. चौकीदार कुठे गेला, कोणाला ठाऊक नव्हतं.

बाबांना सांगितलं. दुसऱ्या सकाळी ते चपला घालून दारात उभे. "चल. हे फोनवर सांगायचं नाही."

काकांनी ऐकून घेतलं. डोळे मिटले. बाबा म्हणाले, "अरे, मी पाहून आलोय ना? मी सांगतो तुला. दारातून आत गेलं की डावीकडे पहिला, दुसरा, मग तिसऱ्याला लागून खिडकी, तिथे माझं स्टूल..."

काकांनी डोळे उघडले. "तिसऱ्याला खिडकी नव्हती, बाबू. भिंत होती. खिडकी पाचव्याला."

"मी तिथे बसून हजेरी लिहायचो, मला सांगतोस?"

"आणि मी काय तिथे गोट्या खेळायचो?"

दोघंही चिडले. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. महिन्यापूर्वी तिथे उभा राहिलेला तिसरा माणूस मीच होतो.

"मला... नक्की आठवत नाही," मी म्हणालो. "मी कॅमेऱ्यातून बघत होतो."

काका सुनेला म्हणाले, "याला बाहेर बसव. इथे राहिला तर जे उरलंय तेही पुसेल."