गर्जे सरांचं नाक

गर्जे सर कोणत्याही गाडीत बसण्याआधी तिचा वास घ्यायचे. दार उघडायचं, मान आत घालायची, नाकपुड्या फुगवायच्या आणि बाहेर येऊन, गाडीचा मालक समोर उभा असला तरी, तोंड वाकडं करून म्हणायचं, "शी!" हा 'शी' पोटातून यायचा. नगरच्या स्टँडवर एसटीत चढताना त्यांनी तो काढला की कंडक्टरसुद्धा आधी स्वतःच्या बुटांकडे बघायचा.

तिसगावच्या शाळेत आम्ही बरोबरीने नोकरी केली. मी मराठी शिकवते, ते विज्ञान शिकवायचे. राहायला आम्ही सगळेच नगरला, त्यामुळे रोजचं जाणं-येणं करंजी घाटातून, कुणाच्या तरी गाडीत पेट्रोलची वर्गणी काढून. आता सरांची बदली अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला झाली आहे. त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ती खरं तर संतापाने, कारण ते गेल्यापासून मला पुन्हा काळे सरांच्या गाडीतून जावं लागतं.

ही काळे सरांची गाडी म्हणजे एक उंच, डिझेलचं धूड आहे. आरशाला चमेलीच्या सेंटची बाटली लटकते, सीटखाली गुटख्याच्या रिकाम्या पुड्या सापडतात आणि मागच्या दारावर पिचकारीचे लाल ओघळ वाळलेले असतात. मधल्या सुट्टीत हे गृहस्थ एसीसाठी इंजिन चालू ठेवून गाडीतच डबा खातात. धूर जातो थेट पाचवीच्या वर्गात. भर एप्रिलात पोरं खिडकी लावून घामाने निथळत बसलेली मी पाहिली आहेत. मुख्याध्यापकांना दिसत नाही असं नाही, पण तेही त्याच गाडीने येतात.

गर्जे सर त्या गाडीत नाकाला रुमाल लावून बसायचे. एकदा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "काळे सर, तुमच्या गाडीपेक्षा मी उसाच्या ट्रकवर बसेन. तिथं वारा तरी लागतो."

उसाचा ट्रक त्यांना तोंडपाठ होता. पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगाराचं पोर. दरवर्षी हंगामाला भांडीकुंडी, शेळ्या आणि माणसं एकाच ट्रकात कोंबून टोळी कारखान्याला निघायची. त्यांच्या आईला, भामाबाईंना, गाडी लागायची. सगळ्या रस्ताभर ती माउली ओकायची आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलेला हा विष्णूही ओकायचा. ऊसतोडीचा कोयता हातातून सुटला त्या दिवशी भामाबाईंनी ठरवलं की आता पुन्हा कुठल्या गाडीत पाय टाकायचा नाही. त्यानंतर तिसगावचा बाजारही त्यांनी चालतच केला.

ते निभलंही असतं. पण भामाबाईंचा एक डोळा काचबिंदूने कायमचा गेला आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. तिसगावपलीकडे भामाबाईंच्या वस्तीवर शिबिर झालं, तिथे नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे ऑपरेशन मोठ्या दवाखान्यातच करायचं आणि लवकर करायचं. सरांनी जीप बोलावली. भामाबाई बसल्या, फाट्यापर्यंत गेल्या, ओकल्या आणि खाली उतरून काठी टेकत माघारी चालू लागल्या. "आंधळी झाले तर झाले," त्या म्हणाल्या. "पर त्या घानीत मी न्हाई बसायची."

त्यानंतर सर हायब्रीड गाडीच्या मागे लागले. पेट्रोलवर चालते, बॅटरीवरही चालते, आणि बॅटरीवर असली की तिला आवाज नाही, धूर नाही. नव्या गाडीची किंमत ऐकून ते शोरूममधून 'शी' करत बाहेर आले. मग कुठून तरी कुणाची वापरलेली, परवडेल अशी गाडी घेऊन आले. ती पाहून आख्खी शाळा हसली. पुढून चपटी, मागून फुगीर, रंग गढूळ हिरवा. बॅटरीने डिकीची निम्मी जागा खाल्लेली. ज्याने तिचा आकार ठरवला त्याने म्हणे वारा कापायचा विचार केला होता, बघणाऱ्याचा केला नव्हता. काळे सर दात कोरत म्हणाले, "ॲव्हरेज किती देते?"

"ॲव्हरेज काय विचारता?" सर उसळले. "एका लिटरचा धूर किती जणांच्या नाकात जातो, ते विचारा. तुमचं उत्तर पाचवीचा वर्ग देईल."

वस्तीवर त्याहून वाईट स्वागत झालं. "हायब्रीड?" भामाबाई म्हणाल्या. "त्या हायब्रीड ज्वारीची भाकर घशाखाली उतरंना, आन् गाडी बी तसलीच आनलीस व्हय, इस्नू?"

मी सरांच्या गाडीतून जाऊ लागले आणि माझ्या नाकावर नवंच संकट आलं. सर अनवाणी गाडी चालवायचे. पेडल अंगठ्याने हळूच दाबलं तरच इंजिन जागं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. जगातल्या प्रत्येक वासाला नावं ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पायांचा वास मात्र येत नसे. मी ओढणी नाकाला लावून बसायची. समोर हिरवा दिवा लागला की गाडी बॅटरीवर आहे असं समजायचं, आणि तो लागला की सर बोट ओठांवर ठेवायचे. खोकायची चोरी. "मॅडम, माझी आई बसलीय असं समजा," ते म्हणायचे. खड्डा आला की मागे वळून रिकाम्या सीटला विचारायचे, "लागलं का?" मला हसूही यायचं आणि गलबलूनही यायचं.

पण गाडी काही साथ देईना. बॅटरी सदा उतरलेली. पेट्रोल तर काळे सरांना हसायला कारण मिळेल इतकं लागायचं. त्यात एक दिवस शाळा सुटल्यावर, मीही गाडीत असताना, सरांनी आईला दाखवायला गाडी दारापर्यंत नेली. भामाबाई अंदाजाने हात लावत जवळ आल्या, वाकल्या, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी संपून इंजिन भसकन सुरू झालं. त्यांनी पदर नाकाला लावला. "शी! ही बी तसलीच," म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या. सरांचा 'शी' कुठून आला होता ते मला त्या दिवशी कळलं. परतताना घाटाच्या तोंडाशी सर म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याच्या आत."

चूक गाडीची नव्हती. आमच्या भागात घाटाचा उतार लागला की ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतो आणि तेल वाचवल्याच्या समाधानात खाली येतो. जीपवाला करतो, टेम्पोवाला करतो, काळे सर करतात. सरही तेच करायचे. शोरूमच्या माणसाने सांगितलं होतं की उतारावर गियरमध्येच राहू द्या. सर त्याच्यावरच चिडले. "उतारावर गियर? म्हणजे फुकटचं पेट्रोल जाळायचं? हे लोक आपल्याला येडं समजतात, मॅडम." विज्ञानाचे शिक्षक, पण घाट लागला की आधी करंजीचे ड्रायव्हर.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत सगळ्यांसाठी शीरखुर्म्याचा मोठा डबा नेत होते. मांडीवर चटके बसायला लागले म्हणून तो दोन्ही सीटच्या मध्ये ठेवला. घाट लागला तसा सरांचा डावा हात सवयीने गियरकडे गेला आणि डब्यावर आपटला. "शी! हा काय धोंडा?" ते ओरडले. पण वळण समोर आलं, त्यामुळे गाडी तशीच गियरमध्ये राहिली आणि सर ब्रेक दाबत उतरू लागले. समोरच्या पडद्यावर एक चित्र असायचं. त्यात चाकाकडून बॅटरीकडे जाणारा बाण मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"सर, हे काय भरतंय?"

सरांनी बघितलं. पुढच्या वळणावर पुन्हा बघितलं. करंजीत पोचेपर्यंत बॅटरी काठोकाठ भरली होती. गाडीने उतारावर स्वतःची वीज स्वतः तयार केली होती, आणि इतके दिवस हा माणूस रोज घाटात तिच्या तोंडचा घास काढून घेत होता. सरांनी गाडी बाजूला घेतली, स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि स्वतःलाच असा काही 'शी' घातला की मला डब्याचं झाकण धरावं लागलं. त्यानंतर गाडी नीट चालू लागली. पेट्रोलपंपावर जायचे दिवस लांबत गेले. काळे सरांनी ॲव्हरेज विचारायचं बंद केलं.

भामाबाईंना दवाखान्यात नेण्याचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी सर नगरहून घाट उतरून भरल्या बॅटरीने वस्तीवर मुक्कामाला गेले. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मीही गेले. सकाळी भामाबाई बसल्या, पदर नाकाशी तयार. गाडी वस्तीतून बाहेर पडली आणि कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

"कवा निघायचं?" भामाबाईंनी विचारलं.

"निघालो की, आई. तिसगाव मागं पडलं."

त्यांनी पदर थोडा खाली केला. करंजीनंतर चढण लागली, इंजिन सुरू झालं, तशी त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. त्यात पुढे एक मालट्रक काळा धूर ओकत चढत होता. सरांनी गाडी कडेला घेतली, काचा लावल्या आणि ट्रक लांब जाईपर्यंत थांबायचं ठरवलं. गाडी उभी राहिली तसं इंजिनही गप्प झालं.

"बंद पडली?"

"न्हाई. उभी असली की गप बसती."

"मानसांपरीस बरी हाय," भामाबाई म्हणाल्या, आणि काच खाली घ्यायला लावून त्यांनी डोंगराचा वारा घेतला.

तेवढ्यात वरून काळे सरांचं धूड उतरत आलं. शाळेची वेळ होती. आम्हाला बघून त्यांनी गाडी वळवून अगदी आमच्या शेजारी लावली, इंजिन चालूच. काच खाली झाली, पिचकारी रस्त्यावर पडली. "काय सर, हायब्रीडनं माती खाल्ली का? टोचन लावून ओढू?" मागे बसलेले हसले. सायलेन्सर भामाबाईंच्या खिडकीसमोर होता. धूर, चमेली आणि गुटखा एकदमच आत आले. भामाबाई माझ्या ओढणीत ओकल्या. मला त्या ओकारीची किळस आली नाही; जी आली ती समोरच्या हसणाऱ्या तोंडाची. आजही त्या गाडीत बसताना तीच येते.

"मला घरी ने, इस्नू," भामाबाई म्हणाल्या. "मला न्हाई बघायचं काई."

सर उतरले. अनवाणीच काळे सरांच्या खिडकीपाशी गेले, हात आत घातला आणि किल्ली फिरवून काढून घेतली. घाट एकदम शांत झाला. काळे सर ओरडायला लागले, तेव्हा सर म्हणाले, "माझ्या आईचा जीव बसू द्या. मग तुमची गाडी, तुमचा धूर, तुमचं तोंड, सगळं परत करतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. मागचे हसायचे थांबले. मी भामाबाईंना चूळ भरायला पाणी दिलं. त्या बराच वेळ डोळे मिटून नुसता वारा घेत राहिल्या.

"आता येत न्हाई वास," त्या शेवटी म्हणाल्या. "तुज्या गाडीचा हुता का त्यो?"

"न्हाई, आई."

"मंग चल."

सरांनी किल्ली काळे सरांच्या बॉनेटवर ठेवली आणि आम्ही निघालो. नगरपर्यंत भामाबाई एकदाही ओकल्या नाहीत.

ऑपरेशन झालं. पट्टी काढून, काळा चष्मा लावून भामाबाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या, तेव्हा सरांनी गाडी अगदी पायरीला आणून उभी केली होती. रात्रीच धुऊन, पुसून ठेवली होती. भामाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि उन्हात डोळा बारीक करून त्या गाडीकडे बघत राहिल्या.

"शी!" त्या म्हणाल्या. "ह्या बेडकीत बसवून आनलंस मला?"

गाडीला कुणी नाव ठेवलं की सर भांडायला उठायचे. त्या दिवशी ते पायरीवर मटकन बसले. हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही त्यांना एकदम जमत नव्हतं. "अजून काय काय घान दिसतंय, आई?" त्यांनी विचारलं. "सांग ना."

भामाबाई सांगत गेल्या. दारावरचा ओरखडा, चाकाला लागलेला चिखल, भिंतीवरचे पिचकारीचे डाग, पोराचे धुळीने भरलेले अनवाणी पाय. मग त्यांनी खाली वाकून सरांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि आपला डोळा अगदी जवळ आणला.

"इस्नू," त्या म्हणाल्या, "तुजी दाढी कवा पिकली रं?"