धाकटीचं यंत्र आणि माझं सोल्यूशन

मी आयुष्यात एकच यंत्र दुरुस्त केलं. ते बिघडलेलं नव्हतं.

पण सुरुवात सासूबाईंपासून करावी लागेल. एकोणीस वर्षं झाली, आम्ही दोघी उंद्रीच्या आमच्या घरापुढे लिंबाखाली बसून भाजी निवडतो, मेथीच्या जुड्या बांधतो. मी जन्माची लाजाळू. नवीन माणूस दिसलं की माझा आवाज जो आत जातो, तो माणूस गेल्यावरच बाहेर येतो. पण आजवर कधी अडलं नाही, कारण माझ्या वाट्याचंही आत्याबाईच, म्हणजे सासूबाईच, बोलतात. व्यापाऱ्याशी भाव त्या करतात, शेजारणीशी भांडण त्या करतात, आणि मी आमच्या ह्यांच्यावर रुसले तर तेही ह्यांना त्याच जाऊन सांगतात. (नाहीतर ह्यांना कळणार कसं?)

अशा आमच्या आत्याबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस म्हणून बुलढाण्याला माझ्या दिराकडे गेल्या, आणि दीड महिना झाला तरी परत येईनात! इकडे व्यापारी मला वांग्याचा भाव विचारायचा, मी मान हलवायची, आणि तो त्याला पाहिजे तो अर्थ काढून पोतं उचलायचा.

सासू गेली म्हणून सून झुरते आहे, हे गावात सांगायची सोय नाही. लोक वैद्याकडे नेतील.

शेवटी मी वांगी, मेथी, कोथिंबीर अशी पिशवी भरली आणि एसटीने बुलढाणा गाठलं. दार धाकट्या जावेने उघडलं. स्मिता बी.ए. झालेली आहे. मी चौथी. तिच्या घरातली फरशी इतकी गुळगुळीत की मी आत गेले ते भिंतीला धरून. आणि समोर पाहते तर काय! आमच्या आत्याबाई सोफ्यावर मांडी घालून, डोळ्यांना काळा चष्मा, दोन्ही हातात बटणांचा एक ठोकळा, समोर खोबणीत बसवलेली एक काळी पाटी, आणि भिंतीवरच्या टीव्हीत एक बाई वांगी तोडते आहे.

"आत्याबाई, वांगे आणले," मी म्हटलं.

"ठेव तिकडे," त्या टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "माहे वांगे तोडाले आले."

त्यांचे वांगे! त्या खेळात म्हणे शेती करायची. पाऊस वेळेवर, अळी नाही, रानडुकरं नाहीत, आणि वांगं तोडलं की जागच्या जागी विकलं जातं. अशी शेती मलाही जमली असती! घरची खरी वांगी तिथे पिशवीत सुकत होती आणि आत्याबाई स्मिताला सांगत होत्या, "पाय वं स्मिते, कसं चकाकून राह्यलं!"

माझ्या वांग्याला त्या एकोणीस वर्षांत कधी 'पाय वं', म्हणजे 'बघ गं', म्हणाल्या नाहीत.

राजू भाऊजी, म्हणजे माझे दीर, यांना असल्या वस्तूंचा भारी नाद. ते मोठ्या हौसेने ती पाटी दाखवून मला समजावू लागले. "वयनी, हे एकात दोन हाये. टीव्हीखालच्या खोबणीत बसवलं की टीव्हीवर खेळा, उचललं की हातात घेऊन एसटीत खेळा. आता समदे असेच येऊन राह्यले. अजून थोड्या वर्षानं तर टीव्हीबी नाई लागणार. चष्मा लावला की डोयापुढे वावर!"

"मंग आमच्या वावराकडे कोन पाहीन?" मी मनात म्हटलं. (मी बहुतेक मनातच म्हणते.)

त्यापुढेही त्यांनी त्या पाटीच्या बाजूच्या दोन मुठींबद्दल काहीतरी सांगितलं. माझं लक्ष नव्हतं. त्या वेळी मी स्मिताचे नवीन पडदे मोजत होते. आज वाटतं, पडदे नंतर मोजले असते तरी चाललं असतं.

"आत्याबाई, घरी कधी येता?" मी निघताना विचारलं.

"येतो नं. भुलाबाईले येतो. पन हे सोबत आनीन. माहे भोपये पिकून राह्यले."

आल्या! आणि ते यंत्रही आलं. सोडायला आलेल्या स्मिताने ते माझ्या हातात देताना सांगितलं, "ताई, जपून हं. फार नाजूक आहे."

मला राग आला. जपायचं मला शिकवते! मी ते असं जपेन की हिने पाहत राहावं. माझ्या माहेरहून आलेले घट्ट झाकणाचे दोन जुळे स्टीलचे डबे आहेत. आत्याबाई खेळून उठल्या की मी ते यंत्र त्यातल्या एका डब्यात ठेवायची. उंदीर नको, धूळ नको, आमचे हेही नकोत. दुसऱ्या डब्यात मी भुलाबाईचा खाऊ, म्हणजे चिवडा भरला होता.

आमच्याकडे भुलाबाईच्या सणात पोरीबाळी घरोघर फिरून गाणी म्हणतात आणि मग खाऊ ओळखतात. डबा उघडायचा नाही. फक्त हलवायचा, कान लावायचा आणि सांगायचं, आत काय आहे. आमच्या घरची पाळी आली त्या संध्याकाळी अंगणात वीसेक पोरी आणि तेवढ्याच बाया जमल्या. गाणी संपली. शेजारची पिंकी आत पळाली आणि डबा घेऊन आली.

कोणता, हे सांगायला नकोच.

पहिल्यांदा हलवला तेव्हाच माझ्या काळजाचं पाणी झालं. 'थांबा!' असं ओरडायचं होतं. पण चाळीस बायापोरींपुढे ओरडायचं म्हणजे! तोंड उघडलं, आवाज आला नाही. आणि माझ्या वतीने जी बाई नेहमी बोलते, तीच बाई डबा पोरीच्या हातून ओढून घेत म्हणाली, "असा काय हालवता वं मेलेल्यासारखा? जोरानं हालवा! माह्या सुनेनं औंदा कायतरी नवीन केलं!"

खडाड् खडाड् खडाड्!

"शंकरपाये!"

"बत्तासे!"

"नाई वं, अख्खं खोबरं हाये!"

"हार माना!" आत्याबाईंनी डबा डोक्यावर नाचवला. "माह्या मंदीसारखी सुगरन उंद्रीत नाई!"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! तेही चारचौघीत! आता खरं सांगते, (हे या वहीतच राहू दे) हे ऐकल्यावर मला सांगावंसं वाटेना. वाटलं, हलवू द्या अजून थोडं.

शेवटी सगळ्या हरल्या. मी डबा आत नेला, चिवड्याचा डबा बाहेर आणला. "काकू, चिवडा असा वाजते?" पिंकीने विचारलं. मी मान हलवली. तिने तिला पाहिजे तो अर्थ काढला.

मग आत जाऊन पहिला डबा उघडला. यंत्राचे तीन तुकडे! मधली पाटी एकीकडे, दोन्ही मुठी दोन दिशांना. आता स्मिता काय म्हणेल? 'चौथी शिकलेल्या बाईकडे दिलं ते माझंच चुकलं', असं म्हणेल. म्हणजे म्हणणार नाही, नुसती हसेल. ते तर त्याहून वाईट! आणि आत्याबाई पुन्हा बुलढाण्याला जातील त्या कायमच्या.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आंघोळीला गेल्या आणि मी ह्यांचा पाइप जोडायचा सोल्यूशनचा डबा काढला. आमच्या विहिरीवरचा पाइप त्या सोल्यूशनने जोडलेला आहे. मोटारीच्या दाबाने विहिरीचा काठ हादरतो, पण जोड सुटत नाही. मी कंजूषपणा केला नाही. मुठींना भरपूर लावलं, दाबलं, सुतळीने करकचून आवळलं आणि वर पाटा ठेवला.

"काय जोडून राह्यली?" ह्यांनी दारातून विचारलं.

"पाइप."

"घरात?"

दुपारी सुतळी सोडली. यंत्र सुरू झालं! आत्याबाईंनी भोपळे काढले. मला इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी व्यापाऱ्याला चक्क 'नाई' म्हटलं.

दोन दिवसांनी राजू भाऊजी आणि स्मिता आले. भाऊजींनी यंत्र हातात घेतलं आणि एक मूठ वर ओढली. मग पुन्हा ओढली. मग गुडघ्यात धरून ओढली.

"वयनी, हे निघून नाई राह्यलं."

"निघनारच नाई!" मी सगळ्यांसमोर, मोठ्याने, छाती पुढे काढून म्हणाले. "म्या पक्कं जोडलं!"

स्मिताने पदर तोंडावर घेतला. भाऊजी हळूच म्हणाले, "वयनी, हे काढता येते म्हनूनच तर म्या महाग घेतलं. मुठी वेगळ्या काढून दोघं खेळतात." मग त्यांनी यंत्र उलटं केलं. खाली सोल्यूशनचा बोराएवढा गोळा वाळून दगड झाला होता. चार्जरची पिन कशीबशी जाते, पण टीव्हीखालच्या खोबणीत ते आता या जन्मी बसायचं नाही. "एकात दोन व्हतं. तुमी एकात एक केलं."

"टीव्हीले नाई लागत?" आत्याबाईंनी विचारलं. "मंग बुलढान्याले जाऊन काय करू? इथंच राहातो."

मी जिंकले होते! इतक्यात आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "पन मंदे, काऊन चिकटवलं वं? एक मूठ तुह्यासाठी व्हती. म्हनूनच तं आनलं व्हतं म्या. म्हटलं, दोघी मिळून वांगे तोडू."

ज्या यंत्रावर मी इतके दिवस जळत होते, त्यातली एक मूठ माझीच होती. आणि मीच ती अशी बसवली की विहिरीचा पाइप निघेल, ती निघायची नाही.

आता आम्ही लिंबाखाली एकमेकींना खेटून बसतो. डावी मूठ त्यांच्या हातात, उजवी माझ्या. वांगं तोडताना डोकी आपटतात. व्यापारी आला तर आत्याबाई मान वर करत नाहीत, म्हणून भाव मलाच करावा लागतो.

परवा राजू भाऊजींनी नवीन यंत्र घेतलं. त्याच्या मुठी लोहचुंबकाने आपोआप चिकटतात म्हणे. आम्हाला दाखवायला आणायचं ठरल्यावर त्यांनी आधी ह्यांना फोन केला.

"दादा, आम्ही रविवारी येतो. तेवढा सोल्यूशनचा डबा वावरात नेऊन ठेव."