मिटलेल्या डोळ्यांचा मारुती

आजही आठवलं की डोकं फिरतं. हैदराबाद संस्थान विलीन होऊन वाट मोकळी झाली, तसा मी वेरूळची लेणी पाहायला गेलो. बऱ्हाणपूरला परतलो, तर आमच्या गल्लीतल्या मारुतीची शेंदराची खोळ गळून पडलेली. आत काळ्या दगडाचा कोवळा चेहरा होता, डोळे ध्यानात अर्धे मिटलेले. इतक्या पिढ्या आम्ही भलत्यालाच मारुती म्हणत होतो! चित्र काढायला मी घरून कागद आणला, तोवर वडील त्या चेहऱ्यावर तेलात कालवलेला शेंदूर थापत होते.

"बाबा, थांबा!"

"देवाला असं उघडं ठेवायचं होय?" म्हणत त्यांनी मिटल्या डोळ्यांवर चांदीचे टपोरे डोळे चिकटवले. मग हात पुसत विचारलं, "वेरूळला काय पाहिलंस रे?"

"हेच!" मी कागद टराटरा फाडला. "तिथं शेंदूर फासायला तुम्ही नव्हतात, म्हणून दिसलं."