पिकल्या केळ्यांचा वास

सकाळी प्रयोगशाळेत शिरले तर मीनलने यीस्टच्या टाकीतून हवा बाहेर सोडणारी नळी बर्फात ठेवलेल्या बाटलीत सोडली होती. तळाशी थेंब साचत होते. त्यांना पिकल्या केळ्यांचा वास होता.

"मॅडम, हे सगळं हवेबरोबर निघून जात होतं," ती म्हणाली.

मागच्या वर्षी याच टाकीत दुसरं यीस्ट होतं. तेव्हा पार जिन्यापर्यंत घमघमाट असायचा. येणारा-जाणारा कौतुक करायचा आणि फारच झालं की आम्ही खिडक्या उघडायचो. पुढे टाकीतला द्रव तपासला, त्यात आम्ही यीस्टकडून बनवून घेत होतो ते केळ्यांच्या वासाचं द्रव्य कमी भरलं, म्हणून ते यीस्ट आम्ही टाकून दिलं. आम्हाला हवं होतं तेच तर जिन्यात दरवळत होतं! जगायला त्याला हवा लागायची आणि तीच हवा त्याची कमाई घेऊन जायची.

माणूस गेल्यावरही आपण त्याने मागे काय ठेवलं तेवढंच बघतो. त्याच्या असण्याने घर दरवळत होतं, ते कुणी हिशेबात धरत नाही.

"ते जुनं यीस्ट आहे ना, मॅडम? परत लावून बघू या."

"नाही गं, थेंबभरही ठेवलं नाही," मी म्हणाले, आणि सवयीने खिडकीकडे गेलेला हात मागे घेतला.