बिडाची शेगडी

भिलाईत जुनं काहीही विकायला निघालं की कबाडी एकच सांगतो, "रशियन साहब का है." मोडका पंखा रशियन साहेबाचा, गंजलेला टेबललॅम्पही रशियन साहेबाचाच. एवढं सगळं इथेच टाकलं म्हणजे पोलादाचा कारखाना उभारायला आलेले बिचारे रशियन अंगावरच्या कपड्यांनिशीच गेले असावेत! मारोतराव बोरकरांना हे सगळं ठाऊक होतं. तरी कॅम्प-१ वस्तीतल्या कबाड्याकडे ती बिडाची शेगडी दिसली आणि त्यांचा पाय निघेना. लांबट, चांगली खोल, वर भाजायची जाळी, खाली राखेचा खण. एक पाय गायब. गंज असा की नुसतं बोट लावलं तर बोट लाल. घेऊनच टाकली.

मारोतराव भिलाईतल्याच रिसाली भागात एकटे राहत. मूळचे भंडाऱ्याकडचे, सगळी हयात प्लांटात, ब्लास्ट फर्नेसवर, वितळल्या लोखंडापुढे गेली. रिटायर झाले आणि वर्षभरात बायको, वसुंधरा, वारली. मुलगा शुभम हैदराबादला. तो रविवारी फोन करायचा, "पापा, जेवले का? दवाई ली?" विचारायचा, आणि उत्तर निम्म्यावर असतानाच त्याला दुसरा फोन यायचा. पोरगा वाईट नव्हता हो, कामात होता. पण बाकीचा आठवडा घरात बोलणारा एकच, टीव्ही. आणि तो मेला कोणाचं ऐकून घेत नाही.

कबाड्याच्या समोरच गुलाबचं वेल्डिंगचं दुकान. गुलाब पन्नाशीला टेकलेला, घर गोंदियाकडचं, जिभेनं मिरची. शेगडी उलटीपालटी करून म्हणाला, "काका, हे बीड आहे. याले लोखंडासारखं धडाधड जोडता येत नाही. हळू तापवा लागते, हळू थंडं करा लागते. टाईम लागन."

"लागू दे नं," मारोतराव म्हणाले. "मले कोणती गाडी पकडाची आहे?"

मग मारोतराव रोज जाऊ लागले. स्टूल ओढून बसायचे, तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचे. गुलाबनं भंगारातला एक पाय शोधून काढला, तापवून जोडला, आणि राखेत गाडून थंड होऊ दिला. हातानं काम आणि तोंडाचा पट्टा चालू. कोणाची पोरगी कुठं दिली, झुणक्यात कांदा जास्त की बेसन, यावर दोघं तावातावानं भांडायचे. एका संध्याकाळी मारोतरावांना घरी आल्यावर कळलं की आपला घसा बसलाय. बोलून बोलून! त्यांना इतका आनंद झाला की गुळण्यासुद्धा केल्या नाहीत.

आता लबाडी अशी की काम संपत आलं तसे मारोतराव खुसपटं काढू लागले. पाय डुगडुगतो. जाळी बसत नाही. कडेला अजून गंज आहे. गुलाब "कुठं आहे? दाखवा!" म्हणून डाफरायचा आणि पुन्हा घासायचा. शेवटी त्यानं जवसाच्या तेलाचे हात देऊन शेगडी तापवली, काळीभोर चकचकीत केली आणि रिक्षात ठेवून दिली. "झाली काका. जा आता, वांगे भाजा."

मारोतरावांनी अंगणात कोळसे पेटवले, वांगं भाजलं, भरीत केलं. भरीत फक्कड झालं. पण फक्कड झालं हे सांगायचं कोणाला? शेजारची टीना दोरीवरचे कपडे काढायला आली, "अंकल, धुआँ!" म्हणाली आणि दार लावून आत गेली. उद्यापासून कॅम्पात जायला काही कारण उरलं नाही, हे तेव्हा मारोतरावांना उमगलं. शेगडी लाल तापलेली होती. ते उठले, नळाखालची बादली उचलली आणि सगळं पाणी तिच्यावर ओतलं. टण्णकन् आवाज झाला. शेगडी आडवी चिरली.

दुसऱ्या दिवशी मारोतरावांनी शेगडी दुकानात आणली, तेव्हा गुलाबनं त्या चिरेवरून बोट फिरवलं.

"पाणी टाकलं का तुम्ही?"

"पडलं."

"काका, तुमची जिंदगी भट्टीवर गेली. तापल्या बिडावर पाणी टाकलं तं काय होते, हे तुमाले मी सांगू? कावून टाकलं?"

मारोतराव खाली बघत म्हणाले, "घरी कोणी बोलत नाही रे."

गुलाबचा पारा चढला. "मंग माझी मेहनत फोडाची? दिवस दिवस घासली मी हे!" हे मारोतरावांच्या ध्यानीमनी आलंच नव्हतं. आपलं एकटेपण घेऊन आपण दुसऱ्याचं काम फोडलं, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुलाबनं शेगडी भिंतीकडे सरकवली. "हे आता जुडत नाही. आणि यायचंच होतं तं तसंच याचं होतं नं! कोणी हाकललं असतं का तुमाले?"

तसंच यायचं! बोलायला सोपं. मारोतराव जन्मात कोणाकडे बिनकामाचे गेले नव्हते. ते पुढचे काही दिवस घरीच बसले. एकदा कुकरचा दांडा हलवून पाहिला, घट्ट. पलंग हलवला, कोयंडा ओढला, खुर्ची उलटी केली. सगळं शाबूत. एकट्या माणसाच्या घरात तुटणार तरी काय?

शेवटी एका दुपारी ते निघालेच. कॅम्पात पोचले, दुकानासमोर उभे राहिले. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून खिशात घातले. गुलाबनं तोंडावरचा मास्क वर केला.

"आज काय आणलं?"

"काही नाही आणलं गा," मारोतराव म्हणाले. "मीच आलो."